फ्रिजच्या बटणावरचं १४९ रुपयांचं झाकण : सात महिन्यांनंतर

मे महिन्यात दोन दिवस लग्नाला नाशिकला गेलो. परत येऊन फ्रिज उघडला तर फ्रीझरमधून पिवळा ओघळ थेट भाजीच्या ट्रेपर्यंत. आईने डबे भरून ठेवलेला हापूसचा रस आंबून गेला होता. फ्रिज ठणठणीत, भिंतीवरचं बटण बंद. निघताना घरभर फिरून बटणं बंद करायची सवय बाबांची, म्हणून तासभर त्यांनाच बोललो. मग बोर्डाकडे नीट पाहिलं. मिक्सरचं बटण चालूच होतं! दोन्ही बटणं खेटून आहेत, आणि प्रवासाची शेंगदाण्याची चटणी केली होती मी.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "डायरेक्ट करून टाकू, बटणच नको." नको म्हटलं. फ्रिज पुसताना किंवा मेकॅनिक आला की हाताशी बटण लागतंच. चालू लाईनवर पिन उपटायची म्हणजे ठिणगी. मग हे पारदर्शक, उचलून उघडायचं झाकण मागवलं.

पहिल्या महिन्यात एकच स्टार दिला असता. कारण कडा. मॉड्युलर प्लेटवर दोन बटणांमध्ये जागाच नसते, त्यामुळे झाकणाची उजवी कड मिक्सरच्या बटणावर दीड-दोन मिलिमीटर चढते. ओल्या बोटाने मिक्सर लावायला गेलं की बोट कडेला अडकतं. रोज. सकाळी सात वाजता, नारळ भांड्यात, आणि मी नखाने बटण दाबतोय. बनवणाऱ्याने आपल्याकडचा एकही स्वयंपाकघरातला बोर्ड पाहिलेला नसावा. शेवटी पॉलिश पेपरने कड घासली. वीस मिनिटांचं काम, पण ते मी का करायचं?

दुसरी कटकट चिकटपट्टीची. फोडणीच्या वाफेने प्लेटवर तेलाचा थर बसतो, त्यावर ती टिकत नाही. जुलैत झाकण पडलं ते नेमकं आमटीत. मेन स्विच बंद करून, भांड्याच्या साबणाच्या जेमतेम ओल्या फडक्याने प्लेट पुसली, पूर्ण कोरडी केली आणि नवी दुहेरी चिकटपट्टी लावली. तेव्हापासून हललं नाही. म्हणजे तो एक स्टार थोडा घाईचाच होता.

बाबांवर मात्र इलाज नाही. चुकून लागलेला हात झाकण अडवतं, पण बाबा ते शांतपणे उचलून बटण बंद करतात. "दोन दिवस कोण फ्रिज उघडणार आहे? फुकटचं बिल." झाकणाच्या आतून लाल मार्करने 'फ्रिज' लिहिलं, तेव्हा कुठे थांबले. लाईट गेली तर न उघडलेला फ्रिज साधारण चार तास धरतो आणि गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसही, हे त्यांना सांगून चूक केली. आता तेच मला ऐकवतात.

दिवाळीत साताऱ्याला चार दिवस जायचं होतं. फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून वर रुपयाचं नाणं ठेवलं. मधे बर्फ वितळला तर नाणं तळाशी जातं, मग पुन्हा गोठला तरी कळतं. आल्यावर चपला न काढता आधी वाटी बघितली. नाणं वरच होतं.

आणखी एक मागवलंय, वायफायच्या बटणासाठी. तिथे शेजारी मिक्सर नाही.