अंधाऱ्या खोलीतली माणसे आणि झॉर्न पॅलेट: पावसाळ्यापासून शिगम्यापर्यंतचा अनुभव

स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखली जाणारी चार रंगांची पॅलेट, म्हणजे पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा), मी पावसाळ्याच्या तोंडापासून शिगम्यापर्यंत मंद उजेडातील माणसे तैलरंगात रंगवण्यासाठी वापरली. व्हर्मिलियनऐवजी कॅडमियम रेड आणि पांढरा टायटॅनियमचा घेतला. गोव्यात फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या माजघरात राजांगणाकडून (घरातल्या मधल्या अंगणाकडून) येणारा उजेड तेवढाच असतो, आणि तिन्हीसांजेनंतर समई.

समईच्या उजेडात ही पॅलेट फारच सरस ठरते. मामीच्या गालावर जिथे उजेड संपून सावली सुरू होते, त्या कडेला काळ्या-पांढऱ्याचा करडा ठेवला की शेजारच्या ऑकरमुळे तो चक्क निळसर दिसतो. ट्यूबमधला निळा तिथे भडक वाटला असता. काळा आणि ऑकर मिळून येणारी शेवाळी छटा हिरव्या लुगड्याला पुरते. मात्र सावलीत पांढऱ्याचा कणही जाऊ देऊ नये, कारण टायटॅनियम फार जोरकस असतो आणि सावली लगेच खडूसारखी दिसू लागते. दिवसाचे गणित उलटे आहे: राजांगणातून येणारा उजेड थंड आणि सावल्या उबदार, त्यामुळे कपाळावरची थंड झळाळी या चार रंगांत मिळत नाही. तेवढ्यासाठी मी अल्ट्रामरीन हा निळा जोडला, शुद्धतावाद्यांनी रागावू नये.

खरी अडचण आयव्हरी ब्लॅकची आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. या काळ्यात तेल पुष्कळ असते आणि तो मुळातच सावकाश वाळतो. आमच्याकडच्या आषाढातल्या दमट हवेत तर आठवडा उलटला तरी पार्श्वभूमीला बोट चिकटत होते. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असल्यामुळे त्याचा पातळ थर त्याच हवेत लवकर सुकतो. सावकाश वाळणाऱ्या थरावर चटकन वाळणारा थर चढवल्यास पुढे तडे जाण्याचा धोका असतो, म्हणून खालचे काम टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबरमध्ये आणि काळा केवळ शेवटच्या थरांत, अशी विभागणी मी कायम केली आहे.

त्याहून त्रासदायक म्हणजे गडद भाग वाळल्यावर निस्तेज होणे. अशा चित्राचा सगळा जीव काळोखातल्या दोन-तीन छटांच्या फरकात असतो, आणि तोच फरक पुसला जाऊन केस, भिंत व खांदा एकाच पट्ट्यात मिसळतात. वाळलेल्या भागावर जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवून उरलेले तेल फडक्याने टिपले की रंगाची खोली परत येते; पुढच्या बैठकीपूर्वी हे केल्याशिवाय छटा जुळवूच नयेत. काळोखात किती छटा मावतात हे पाहायचे असेल, तर पणजीला फोंतेन्यश भागातील फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची तैलचित्रे पाहावीत.

पॅलेट आणि कॅनव्हासवर एकाच तेजाचा, मॉडेलकडून आडोसा केलेला दिवा हवाच. फार कमी उजेडात डोळ्याला लाल रंग काळपट आणि निळा उजळ दिसू लागतो, त्यामुळे तिथे मिसळलेली कांती सकाळी अंगणात पाहिल्यावर भाजल्यासारखी लाल निघते.

काळ्याची लहान ट्यूब घ्यावी, अंबरची मोठी. अंतिम व्हार्निश मी अजून लावलेले नाही. जाड थरांना सहा महिने तरी द्यावेत आणि दिवस कोरडा पाहून ते काम करावे.