पेशींखालचा इलेक्ट्रोड: प्लॅटिनम ब्लॅक, टायटॅनियम नायट्राइड की पेडॉट?

काचेच्या चिपवर पेशी वाढवून त्यांचे विद्युत ठोके टिपायचे, तर खालच्या चकत्यांवर, म्हणजे ठोके टिपणाऱ्या चिमुकल्या इलेक्ट्रोडांवर, लेप कशाचा, हे आधी ठरवावं लागतं. ३० मायक्रॉन व्यासाच्या उघड्या सोन्याच्या चकतीचा इम्पीडन्स (बदलत्या विजेला होणारा विरोध) १ किलोहर्ट्झला १ मेगाओमच्या घरात जातो. पेशीबाहेरून मिळणारा ठोका बऱ्याचदा ५०-१०० मायक्रोव्होल्टचाच. नुसत्या सोन्यावर तो नॉइजमध्ये बुडतो.

प्लॅटिनम ब्लॅक सगळ्यांत जुना. क्लोरोप्लॅटिनिक ॲसिड, किंचित लेड ॲसिटेट, थोडा करंट, आणि बघता बघता चकती काजळीसारखी काळी. इम्पीडन्स झपाट्याने उतरतो. पहिल्या दिवशी तक्रारीला जागा नाही. त्रास धुताना होतो. थर भुसभुशीत असतो. जुन्या पेशी काढताना पिपेटची धार जरा जोरात बसली की काजळी सुटते. ती सगळीकडून सारखी सुटली असती तर चाललं असतं. पण एका कोपऱ्यातल्या चार चकत्या उघड्या पडतात, बाकीच्या तशाच राहतात. पुढच्या वेळी त्या कोपऱ्यात ठोके लहान दिसले, तर पेशी मंदावल्या की लेप गेला, हे रेकॉर्डिंगवरून कळत नाही. मग दर प्रयोगाआधी चिपवरच्या साठच्या साठ चकत्यांचा इम्पीडन्स मोजत बसायचं. माझ्या लेखी प्लॅटिनम ब्लॅक इथेच बाद. लेड नीट धुतलं गेलं नाही तर पेशींना घातक, ही भीती आणखी वेगळी.

टायटॅनियम नायट्राइड अगदी उलट. स्पटरिंगने (निर्वात पेटीत धातूचे अणू उडवून) बसवलेला कडक थर, ३० मायक्रॉनच्या चकतीला इम्पीडन्स ३० ते ५० किलोओम. एन्झाइमच्या डिटर्जंटने धुवा, ऑटोक्लेव्ह करा, सहसा कुरकुर नाही. औषधांच्या चाचण्या करणाऱ्यांनी, महिनोन्‌महिने त्याच चिपवर तुलना करणाऱ्यांनी बहुधा हाच घ्यावा. पण स्वतः बसवायचा तर स्पटरिंगची यंत्रणा हवी, नाहीतर तयार चिप मागवायची. चिमट्याने वरचं इन्सुलेशन खरवडलं गेलं की ती चिप संपलीच.

कोल्हापुरात माझं पारडं पेडॉट-पीएसएस या वीज वाहणाऱ्या पॉलिमरकडे झुकतं. शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मचं (पातळ थरांचं) काम जुनं आहे. द्रावणातून विजेने थर चढवणं इथे कुणाला नव्याने शिकवावं लागत नाही. १०० मिली पाण्यात सोडियम पीएसएस २.०६ ग्रॅम आणि इडॉट (ज्याच्यापासून पेडॉट बनतो ते द्रव) १०७ मायक्रोलीटर, म्हणजे इडॉट १० मिलिमोलर. इडॉट पाण्यात जेमतेम विरघळतो, म्हणून तासभर ढवळा. बाटली उजेडाकडे धरा. तळाशी तेलकट थेंब दिसले तर अजून ढवळा, नाहीतर लेप ठिपक्याठिपक्यांचा बसतो. मग चौरस सेंटिमीटरला ०.५ मिलिॲम्पिअर, २०० सेकंद. ३० मायक्रॉनच्या एका चकतीला हा करंट ३.५ नॅनोॲम्पिअरच भरतो, तेव्हा पोटेन्शियोस्टॅटची (करंट-व्होल्टेज सांभाळणाऱ्या यंत्राची) सगळ्यांत खालची रेंज आधी तपासून घ्या. व्होल्टेज १ व्होल्टच्या आसपास राहावं, १.२ च्या वर रेंगाळलं तर पॉलिमरची वाहकता जाते.

हे व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजायचं त्या रेफरन्स इलेक्ट्रोडची चांदीची तार हुपरीची किंवा कोल्हापूरच्या गुजरीतली चालते, फक्त ९९.९ टक्क्यांची मागा. दागिन्यांच्या चांदीत तांबं असतं. ब्लीचमध्ये १५-२० मिनिटं, तार जांभळट राखाडी होईपर्यंत.

पेडॉट सोलतो, हे मान्यच. बहुतेक वेळा दोष सोन्याचा असतो: बोटाचा तेलकटपणा, चिप बनवताना वापरलेल्या फोटोरेझिस्टचा अंश. ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सायक्लिक व्होल्टॅमेट्रीचे (व्होल्टेज वर-खाली फिरवत करंट मोजण्याचे) फेरे सारखे येईपर्यंत सोनं साफ करा. जाड लेपाचा मोह नको, जाड थर लवकर सुटतो. पीएसएस ओलावा पितो आणि फुगतो. सुकणं-भिजणं वारंवार झालं की कडा उचलल्या जातात. जुलैत कोल्हापूरची हवा कशी असते ते सांगायला नको, तेव्हा कोरड्या चिपा डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

तरीही मी त्याच्याच बाजूने आहे, कारण सुटलेला लेप परत बसवता येतो. इन्सुलेशन सिलिकॉन नायट्राइडचं असेल तर ऑक्सिजन प्लाझ्माने उरलासुरला पेडॉटही जातो आणि सोनंही साफ होतं. मग पुन्हा तेच २०० सेकंद. एखाद्या चकतीचा इम्पीडन्स शेजारणीच्या दुप्पट आला, तर तेवढ्यावर पेशी टाकायची घाई करू नका. ती परत साफ करून घ्या.