पत्र्याखालचा वर्ग आणि पडवीची खोली : रत्नागिरीतील भाड्याच्या शिकवणी-खोल्यांविषयी

दहावीच्या गणिताच्या शिकवणीसाठी गेल्या जूनपासून मी रत्नागिरीतील एका जागेतल्या दोन खोल्या आलटून पालटून, तासाच्या भाड्याने घेत आले आहे. मालकांची वागणूक सौजन्याची आहे आणि भाडेही वाजवी आहे. जागेचे नाव मात्र देत नाही, कारण पुढील बहुतेक तक्रारी शहरातील अनेक शिकवणी-वर्गांना लागू पडतील. दोन्ही खोल्यांचे भाडे सारखे, मुले तीच, शिकवणारी मीच. तरीही एका खोलीत दीड तासात होणारा भाग पावसाळ्यात दुसऱ्या खोलीत दोन दिवस रेंगाळतो.

मालक आधी दाखवतात ती वरच्या मजल्यावरची नवी खोली. पांढरा फळा, प्रोजेक्टर, गुळगुळीत फरशी, सरकत्या काचांच्या खिडक्या, असा तिचा थाट आहे. छप्पर पत्र्याचे असून त्याखाली पीव्हीसीच्या पातळ पट्ट्या ठोकल्या आहेत, आणि जुलैतली पहिली मोठी सर येताच या थाटाचे मोल कळते. वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शिवाय शिक्षकाचे बोलणे नीट समजायचे तर ते गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने चढे असावे लागते. मोबाइलवरील मापक काटेकोर नसतो हे मान्य करूनही, त्या सरीत त्याचा आकडा ७० च्या खाली उतरला नाही. म्हणजे प्रमेय सांगण्यासाठी मला ८५ डेसिबलने ओरडायला हवे होते. दोन आठवडे मी ते केलेही, आणि घसा बसला. त्यानंतर सर आली की मी फळ्यावर नुसती लिहीत राहते. भूमितीची आकृती अशी निभावते, शाब्दिक उदाहरणे निभावत नाहीत. मागच्या बाकावरून ‘मॅडम, कायच ऐकू येत नाय’ एवढेच मला कसेबसे ऐकू येते.

खिडक्यांवर छज्जे नाहीत, त्यामुळे नैर्ऋत्येकडून झड आली की काचा लावाव्याच लागतात. मग तीस मुलांच्या श्वासाने खोली कोंदते आणि अर्ध्या तासात जांभया सुरू होतात, ज्यांचे खापर मी बरेच दिवस वर्गसमीकरणांवर फोडत होते. मालकांनी विनंतीवरून एसी बसवला, हे त्यांचे चांगुलपण. परंतु भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, त्यामुळे गारवा आला तरी मरगळ गेली नाही. याहून कमी खर्चाचा एक एक्झॉस्ट पंखा, आणि बाहेरची हवा आत येण्यासाठी पावसापासून आडोसा असलेला एखादा झरोका, अधिक उपयोगी ठरला असता.

मागच्या अंगणाकडची जुनी खोली दिसायला अगदीच साधी आहे. जांभ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौले, पश्चिमेला रुंद पडवी. झड पडवीतच अडते, पागोळ्या अंगणात पडतात, आणि भर पावसातही खिडक्या सताड उघड्या राहतात. कौलांवरही पाऊस वाजतो, पण त्यावरून बोलता येते. उजेड डावीकडून येत असल्याने उजव्या हाताने लिहिणाऱ्यांच्या वहीवर हाताची सावली पडत नाही.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. भिंतींना खालून ओल चढते, कोपऱ्यांत बुरशी धरते, आणि दम्याचा त्रास असलेल्या एका मुलीला मला दाराजवळच बसवावे लागते. खडू सादळून फळ्यावर नुसते घसरतात, म्हणून ते मी घट्ट झाकणाच्या डब्यातून घरूनच नेते. बाक प्राथमिक शाळेच्या मापाचे असल्याने उंच मुलांचे गुडघे वरच्या फळीला घासतात. ट्यूबलाइट पंख्याच्या पात्यांच्या वरच्या बाजूला लावल्यामुळे संध्याकाळी वहीवर उजेड सतत थरथरतो, आणि वीज गेल्यास वरच्या खोलीप्रमाणे येथे इन्व्हर्टर नाही.

दिवाळीनंतर संध्याकाळचे वर्ग घेणाऱ्यांनी वरची खोली घेण्यास हरकत नाही; दुपारी मात्र पत्रा तापतो आणि मार्चच्या परीक्षेआधीची उजळणी तेथे एसी असूनही घामाने निथळत करावी लागते. छज्जे आणि पत्र्याखाली जाड ग्लासवूल (आवाज आणि उष्णता अडवणारा काचतंतूंचा थर), या दोनच गोष्टी मी मालकांना लेखी कळवल्या आहेत. त्या होईपर्यंत जून ते सप्टेंबरसाठी पडवीची खोली मी आगाऊ रक्कम भरून राखून ठेवली आहे.