नागपूरचा वाहतूक-ध्वनिनकाशा: मोजणी, गणिती प्रारूप की मोबाइल?

आपल्या भागातील वाहतुकीच्या गोंगाटाचा नकाशा करू पाहणाऱ्या नागपूरच्या रहिवासी मंडळापुढे तीन मार्ग असतात: ध्वनिमापकाने प्रत्यक्ष मोजणी, वाहनसंख्येवरून मांडलेले गणिती प्रारूप आणि नागरिकांच्या मोबाइलवरील नोंदी. खर्चाचा विचार नंतर करावा. नकाशा कोणापुढे ठेवायचा आहे, हे आधी ठरवावे.

तक्रार करायची असेल, तर मोजणीला पर्याय नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये, शाळा अशा ठिकाणांभोवती घोषित केलेल्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि तिच्याशी तुलना करायला कॅलिब्रेट केलेल्या (प्रमाणित आवाजाशी ताडून अचूक केलेल्या) उपकरणाचाच आकडा लागतो. धंतोलीसारख्या रुग्णालयांनी गजबजलेल्या भागात हे विशेष महत्त्वाचे. मात्र मोजणी त्या त्या ठिकाणापुरतीच असते. मधल्या गल्ल्या नकाशावर कोऱ्या राहतात.

ही उणीव प्रारूप भरून काढते. वाहनांची संख्या, वेग, जड वाहनांचे प्रमाण आणि इमारतींची उंची दिली की ते अख्ख्या परिसराची पातळी काढून देते. रात्रीचे ट्रक दुसरीकडे वळवले तर काय फरक पडेल, याचे उत्तरही त्यातूनच मिळते. परंतु ब्रिटन आणि युरोपातील प्रचलित प्रारूपे इंजिन व टायरच्या आवाजावर उभी आहेत. हॉर्न त्यांच्या हिशेबात नाही, आणि नागपुरात हीच चूक सर्वांत महाग पडते. रस्त्यावर एकसारखा ६५ डेसिबल आवाज असताना मापकापाशी ९५ डेसिबलचा हॉर्न अवघे दोन सेकंद वाजला, तरी त्या मिनिटाची समतुल्य पातळी (म्हणजे ध्वनिऊर्जेच्या हिशेबाने काढलेली सरासरी) ८० डेसिबलपर्यंत जाते. याउलट, वेग तोच राहून वाहने दुप्पट झाली, तर वाढ होते जेमतेम ३ डेसिबलची. म्हणून व्हरायटी चौकात वाहने मोजताना हॉर्नही मोजावेत आणि प्रारूपात तशी दुरुस्ती करावी. वर्धा मार्गावर आणखी एक अडचण आहे: खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. पुलाच्या तळावरून परावर्तित होणारा आवाज साध्या द्विमितीय गणितात येतच नाही.

मोबाइल स्वस्त आहे, पण त्याचा मायक्रोफोन बोलण्यासाठी घडवलेला असतो आणि दोन फोन एकाच जागी वेगवेगळे आकडे दाखवतात. गोंगाट कोणत्या वेळी आणि कुठे वाढतो, हे हुडकण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

एखाद्या वस्तीपुरते काम असेल, तर माझा कौल मोजणीला आहे. संपूर्ण शहराचा नकाशा हवा असेल, तर प्रारूपच घ्यावे, मात्र निवडक चौकांतील मोजणीशी ते ताडून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध करू नये. दोन्ही बाबतींत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेची मोजणी स्वतंत्रपणे करावी, कारण रात्रीची मर्यादा वेगळी आहे आणि दिवसाच्या आकड्यांवरून रात्रीचा अंदाज बांधता येत नाही.