'कालिंदी खाल'च्या पैशात गोमुखची सहल

नागपुरातून हिमालयातल्या एखाद्या मोठ्या खिंडीचा बेत आखत असाल आणि कोणी "परमिट, गाइड, दोर, इन्शुरन्स, सगळं त्यातच आलं" असं सांगून ॲडव्हान्स मागत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आम्हा नऊ जणांचे माणशी ७८,००० रुपये गेले आणि अजून एक छदामही परत आलेला नाही. माणसाचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पण त्याची रीत सांगायला हरकत नाही, कारण ती भलतीच हुशार आहे आणि तो एकटाच ती वापरत असेल असं मला वाटत नाही.

खिंड होती कालिंदी खाल ('खाल' म्हणजे तिकडच्या भाषेत खिंडच). गंगोत्रीहून निघायचं, गोमुखवरून गंगोत्री हिमनदीच्या दगडधोंड्यांत शिरायचं, नंदनवन, वासुकी ताल, खडा पत्थर असे मुक्काम करत सुमारे ५,९५० मीटरवरची खिंड ओलांडायची आणि पलीकडे अरवा खोऱ्यातून घस्तोली, माणा करत बद्रीनाथला उतरायचं. १९३१ साली कामेत शिखराच्या मोहिमेतल्या बर्नी या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ती ओलांडली, म्हणून जुन्या लिखाणात ती त्याच्या नावानंही सापडते. वाटेत शिवलिंग, भागीरथी, वासुकी पर्वत, सतोपंथ ही शिखरं. दोन धामं पायी जोडणारी वाट म्हटल्यावर घरच्यांचा विरोधही मावळला. आई तर शेजारच्या काकूंना मी यात्रेला चालले असंच सांगत होती.

यात्रेशी या वाटेचा संबंध नावापुरता. वरचे मुक्काम हिमनदीवर असतात. भेगांवर ताजं बर्फ पडलं की त्या दिसत नाहीत, म्हणून चार-पाच जण एका दोरात, माणसामाणसांत आठ-दहा मीटर अंतर ठेवून चालायचं असतं. बुटांना लावायचे काटे म्हणजे क्रॅम्पॉन, दोर अडकवायला कमरेचा पट्टा म्हणजे हार्नेस, बर्फाची कुऱ्हाड म्हणजे आइस ॲक्स, बर्फात ठोकायचे स्नो बार हे सगळं लागतं. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. खिंड उतरलात की मागे फिरणं कठीण आणि पुढे कित्येक तास, कधी दिवस, माणूस दिसत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्सिलहून लमखागा खिंडीतून छितकुलकडे निघालेला गट हिमवादळात सापडला आणि त्यातले अनेक जण दगावले, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. ही वाटही त्याच जातीची.

आता असल्या ट्रेकचा पैसा कुठे जातो ते बघा. दोर, गाइडचं शिक्षण, पोर्टरची संख्या, परवाने, हवामानासाठी हातात ठेवलेले जादा दिवस. यातली एकही गोष्ट नागपुरात बसून दिसत नाही. नागपुरात दिसतो तो टी-शर्ट, बॅनर, व्हॉट्सॲप ग्रुप आणि तयारीचे रविवार. आमच्या या 'दादा'नं सगळा खर्च दिसणाऱ्या गोष्टींवर केला आणि न दिसणाऱ्या गोष्टींना साफ कात्री लावली.

तयारी मात्र त्यानं झकास करून घेतली, हे मान्य करायला हवं. पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, भर पावसात सेमिनरी हिल्सच्या फेऱ्या, नंतर सगळ्यांना स्वतःच्या खिशातून तर्री-पोहे. प्रत्येकाच्या घरी जाऊन मोठ्यांच्या पाया पडून आला. "ताई, तुम्ही फक्त पाय तयार ठेवा. बाकीचं मी पाहून राहिलो ना!" भावही त्यानं पाडून सांगितला नव्हता. दोन-तीन मोठ्या संस्थांच्या दरांच्या जवळपासच ठेवला होता, त्यामुळे स्वस्ताईचा संशयही कोणाला येण्याचं कारण नव्हतं.

आमच्यात एक डॉक्टर आहे. त्यानं कार्यक्रम पाहून विचारलं होतं की विश्रांतीचा दिवस कुठे आहे? प्रश्न अगदी रास्त होता. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा साधा नियम. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर. कागदावर मात्र भोजबासा सुमारे ३,८००, दुसऱ्या दिवशी नंदनवन ४,३००च्या वर, तिसऱ्या दिवशी वासुकी ताल जवळपास ४,९००, आणि मध्ये एकही थांबा नाही. दादा हसून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, नागपूरच्या उन्हात तापलेली पोरं आहेत ही, यांना काय होते?" सगळे हसले, विषय संपला. त्या कार्यक्रमात विश्रांतीचा दिवस का नव्हता याचं खरं कारण आम्हाला नंतर कळलं. त्याला आम्हाला वासुकी तालापर्यंत न्यायचंच नव्हतं.

निघण्याच्या आठवड्यात परमिटचा पीडीएफ ग्रुपवर पडला. वनविभागाचा शिक्का, क्रमांक, आमची नावं, मार्गाच्या रकान्यात 'गंगोत्री – गोमुख – कालिंदी खाल – बद्रीनाथ'. त्याखाली बत्तीस जणांनी अंगठे दाखवले, म्हणजे ग्रुपवर नऊच जण जाणारे आणि बाकीचे हौशी.

गडी स्वतः आला नाही. ऐनवेळी "घरी अडचण" निघाली आणि लीडर म्हणून बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा सोबत दिला. हीच त्याची चूक झाली, कारण पुढचं नाटक त्या मुलाला कोणी शिकवलेलं नव्हतं.

उत्तरकाशीच्या लॉजवर सामानाची पोती उघडली. क्रॅम्पॉनच्या तीन जोड्या, त्यातल्या एकीचे पट्टे गायब. हार्नेस दोन. स्नो बार एकही नाही. दोर एकच, तीसेक मीटरचा. मी तो हातातून सरकवून पाहिला तर वरचं आवरण ठिकठिकाणी फुललेलं आणि एका जागी बोटांत चक्क सपाट दुमडत होता. चांगला दोर वाकवला की गोल वळण घेतो. सपाट घडी पडली की आतला गाभा गेला असं समजतात, आणि असा दोर बॅगा बांधायला वापरतात. "बाकी सामान गंगोत्रीला येते," मुलगा म्हणाला. त्याला तेच सांगितलं होतं.

गंगोत्रीहून थोडं पुढे गेलं की कनखूला राष्ट्रीय उद्यानाचा बॅरिअर लागतो. गोमुखच्या बाजूला दिवसाला दीडशेच माणसं सोडतात, त्यामुळे तिथे कागद नीट वाचतात. मुलानं फाइलमधून मूळ परवाना काढून दिला. पहाऱ्यावरच्या माणसानं तो वाचला, आमच्या सॅकवर लटकवलेल्या आइस ॲक्सकडे पाहिलं आणि विचारलं, "ये तो गोमुख-तपोवन का है. कालिंदी का काग़ज़ कहाँ है?" तपोवन म्हणजे गोमुखच्या वरचं, शिवलिंग शिखराच्या पायथ्याचं कुरण, खिंडीच्या कितीतरी अलीकडे.

मी फोनवरचा पीडीएफ उघडून दोन्ही शेजारी धरले. क्रमांक तोच, शिक्का तोच, नावंही तीच. फरक फक्त मार्गाच्या ओळीत. पीडीएफमधल्या त्या एका ओळीची अक्षरं बाकीच्यांपेक्षा किंचित जाड होती आणि रकान्याची उजवी रेघ त्या ओळीपुरती पुसली गेली होती. मी ऑडिटच्या कामातली, आयुष्यभर अशाच रेघा पाहत आलेय. कोणीतरी मोबाइलवर मजकूर बदलला होता.

त्याच सकाळी कोलकात्याचा एक गट कालिंदीलाच निघाला होता. त्यांच्या प्रमुखानं त्यांची फाइल आम्हाला दाखवली. वनविभागाच्या परवान्यात खिंडीचं नाव, वेगळ्या पत्रावर जिल्हा प्रशासनाची इनर लाइन परवानगी (पलीकडची बाजू चीन सीमेजवळची, घस्तोलीला आयटीबीपीची, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांची चौकी आहे, तिथे हाच कागद मागतात), प्रत्येकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, पोर्टरांची नावनिशीवार यादी. त्यांचे पोर्टर त्यांच्या माणसांपेक्षा जास्त. आमच्यासोबत तीन पोर्टर आणि एक स्वयंपाकी.

तो स्वयंपाकी आणि पोर्टर पुरवणारा स्थानिक माणूस बिचारा गोंधळून गेला. त्यानं सरळ फोन पुढे केला. नागपूरहून आलेलं बुकिंग 'गोमुख-तपोवन, नऊ पॅक्स' (म्हणजे नऊ माणसं) असंच होतं, माणशी १४,००० रुपयांत. त्यातलेही अर्धेच त्याला मिळाले होते. लीडर मुलगा रडवेला झाला. त्यालाही दादानं तपोवनपर्यंतचंच सांगितलं होतं, "पुढचं मी फोनवर पाहतो" म्हणून.

आणि खरंच, तासाभरात ग्रुपवर मेसेज आला: "प्रशासनाने सुरक्षेच्या कारणास्तव कालिंदी मार्ग बंद केला आहे. निसर्गापुढे आपण सारे लहान. आपली टीम तपोवनला जाऊन शिवलिंगाचं दर्शन घेईल. हर हर महादेव!" खाली जोडलेले हात. मेसेज वाचत असतानाच कोलकात्याची मंडळी बॅरिअर ओलांडून कालिंदीच्या वाटेला लागत होती.

खरी हुशारी इथे आहे. हिमालयात परत फिरण्याला कोणी नावं ठेवत नाही. बर्फ जास्त होतं, हवा बिघडली, सरकारनं वाट बंद केली, असं म्हटलं की ट्रेकर मान डोलावतो, उलट लीडरच्या शहाणपणाचं कौतुक करतो. आधीच्या वर्षांतल्या त्याच्या 'मोठ्या' ट्रेकना गेलेल्यांचे नंबर शोधून मी परत आल्यावर फोन केले. वर्ध्याचे, अमरावतीचे, नागपूरचेच काही. सगळे अलीकडूनच फिरलेले, सगळ्यांना कारण हवामानाचं. एक जण तर म्हणाला, "दादानं आमचा जीव वाचवला!" खिंडीचा परवाना मुळात निघालाच होता का, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. पाहण्याची वेळच त्यानं येऊ दिली नव्हती.

तपोवनला जाऊन आलो, जागा सुंदर आहे, पण त्याविषयी इथे लिहिण्यात अर्थ नाही.

नागपुरात परतल्यावर त्याला धरमपेठेत गाठला. जराही वरमला नाही. "काहून चिडून राहिल्या ताई? पहाड काय मेट्रो आहे, वेळेवर यायला?" अटींचा कागद पुढे केला. 'हवामान अथवा शासकीय कारणाने मार्ग बदलल्यास परतावा मिळणार नाही.' डॉक्टरनं शांतपणे विचारलं, "मग तू परवाना मागितला होतास, त्याचा अर्ज दाखव." त्यावर त्याला एक फोन आला आणि तो जो उठून गेला तो गेलाच.

मग मी बसून त्याचे सगळे कागद काढले. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक २३ नं सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, मध्य प्रदेशचे २३. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक कोणालाही टाकून बघता येतो, तिथे मालक भलताच निघाला. 'इन्शुरन्स' म्हणून घेतलेले पैसे साध्या अपघात पॉलिसीत गेले होते आणि तिच्या अपवादांच्या यादीत गिर्यारोहण आणि दोर वापरून केलेली चढाई ठळक लिहिलेली होती. म्हणजे भेगेत पडलो असतो तरी कागद कोराच. निम्मे पैसे त्यानं संस्थेच्या खात्यात न घेता एका नातेवाइकाच्या यूपीआयवर घेतले होते.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "हे दिवाणी आहे, ताई" असं ऐकायला मिळालं. पीडीएफ आणि मूळ परवाना शेजारी ठेवल्यावर बनावट दस्तऐवजाची तक्रार लिहून घेतली. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणून उत्तरकाशीला जायची गरज पडली नाही, सिव्हिल लाइन्सलाच काम झालं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. फक्त व्हॉट्सॲपचे संभाषण पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकिलाच्या मदतीनं आधीच करून घ्या. नुसते स्क्रीनशॉट छापून नेलेत तर समोरचा वकील त्यावरच तारखा काढतो.

सर्वात कामाला आला तो माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज. या क्रमांकाचा परवाना कोणत्या मार्गासाठी दिला आणि या नावांसाठी कालिंदी खालचा अर्ज आला होता का, एवढंच विचारलं होतं. उत्तर दोन ओळींचं आलं: परवाना गोमुख-तपोवनचा, कालिंदीसाठी अर्ज प्राप्त नाही. त्याच्या 'निसर्गापुढे आपण लहान' या बचावाला आयोगासमोर सध्या याच दोन ओळी आड येताहेत.

त्यानं आता नवा ग्रुप काढलाय, यंदा ऑडन्स कोल नावाच्या खिंडीचा. गंगोत्रीकडून रुद्रगैरा खोऱ्यातून वर चढून खतलिंग हिमनदीवर उतरणारी ही वाट कालिंदीपेक्षाही बिकट आहे. तुम्ही त्यात असाल, किंवा आधी कधी कोणत्याही 'दादा'बरोबर मोठ्या खिंडीला जाऊन हवामानामुळे अलीकडूनच परतला असाल, तर परमिटचा तो पीडीएफ फोनमधून पुसू नका. फॉरवर्ड केलेल्या प्रतीवर विसंबू नका, ज्या चॅटमध्ये तो पहिल्यांदा आला ते चॅट तसंच ठेवा. क्रमांक उतरवून घ्या आणि वनविभागाच्या उत्तरकाशीच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. वर्ध्याच्या दोघांनी टाकलाय, त्यांचं उत्तर अजून यायचंय.