रूम लायब्ररी: क्लास लिहा, एसक्यूलाईटचं टेबल तयार

लालबागच्या मिरची गल्लीत एका मसालेवाल्या काकांना कांडपाच्या ऑर्डरींचं अँड्रॉइड ॲप करून दिलंय, डेटाबेससाठी रूम ही तयार कोडची लायब्ररी वापरलीय आणि मी तिच्यावर खरंच खूश आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे काय गर्दी असते ते मुंबईकरांना सांगायला नको, त्यात दुकानाच्या मागच्या बाजूला नेट येत नाही, म्हणजे सगळा डेटा फोनमध्येच पाहिजे. अँड्रॉइडमध्ये एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस असतोच, सर्व्हर नाही काही नाही, एक फाईल म्हणजे अख्खा डेटाबेस. पण थेट त्याच्याशी बोलायचं तर कर्सर (निकालाच्या ओळी एकेक करून वाचायचं साधन) उघडा, कॉलम शोधा, एकेक व्हॅल्यू काढून ऑब्जेक्टमध्ये भरा, कर्सर बंद करा, आणि प्रत्येक टेबलासाठी हेच परत परत.

गूगलने २०१७ मध्ये आणलेली रूम ही सगळी हमाली स्वतः करते. कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेतला साधा डेटा क्लास (एका नोंदीचा साचा) घ्यायचा, वर एंटिटी अशी खूण लिहायची, झालं टेबल. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, डाओ नावाच्या इंटरफेसमध्ये लिहायच्या, आणि त्या एसक्यूएल या डेटाबेसच्या खऱ्याखुऱ्या भाषेतच, वेगळी भाषा शिकायची गरज नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ॲप बिल्ड होतानाच, म्हणजे कोडचं ॲप बनतानाच, ती क्वेरी तपासली जाते. 'वजन' कॉलमचं नाव बदललं आणि कुठल्यातरी क्वेरीत जुनंच राहिलं तर बिल्डच होत नाही, ऐन सीझनला गिऱ्हाईक समोर असताना ॲप बंद पडण्यापेक्षा हे हजार पटीने बरं. आणि क्वेरीतून फ्लो (डेटा बदलला की नवा निकाल आपोआप देणारा प्रवाह) परत घेतला तर ऑर्डर सेव्ह केल्या केल्या 'आज द्यायच्या' यादीत ती आपोआप दिसते, रिफ्रेशचा वेगळा कोड लागत नाही.

एसक्यूलाईटमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही, त्यामुळे तारखेसाठी टाईप कन्व्हर्टर लिहावा लागतो, तारीख साठवायच्या रूपात नेणारं आणि परत आणणारं अशी दोन छोटी फंक्शन, फार काही नाही. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये, पूर्णांक म्हणून ठेवा, दशांशाच्या भानगडीत पडूच नका.

आता जिथे खरंच जपून राहायचं ती जागा. एका गिऱ्हाईकाच्या ऑर्डरी अनेक असतात, बेडगी वेगळी, संकेश्वरी वेगळी, गरम मसाला वेगळा, म्हणून ऑर्डरीच्या टेबलात ग्राहकाची फॉरेन की (ऑर्डर कुठल्या ग्राहकाची ते सांगणारा दुवा) आणि त्यावर कॅस्केड, म्हणजे ग्राहक काढला की त्याच्या ऑर्डरीही जातात. आता ग्राहकाचा फोन नंबर दुरुस्त करायला ओळ घालणाऱ्या इन्सर्टला 'आधीची असेल तर बदल' असं सांगणारं रिप्लेस लावलं तर काय होतं? रिप्लेस म्हणजे अपडेट नाही, एसक्यूलाईट जुनी ओळ आधी डिलीट करतं आणि मग नवीन घालतं, आणि त्या डिलीटमुळे त्या ग्राहकाच्या सगळ्या ऑर्डरी गायब, एररसुद्धा येत नाही. रूमच्या २.५ व्हर्जनपासून अपसर्ट आलंय, ओळ असेल तर सरळ अपडेट करतं, तेच वापरा, रिप्लेसच्या वाटेला जाऊ नका.

मायग्रेशनबद्दल, म्हणजे आतला डेटा जपून टेबलांची रचना बदलण्याबद्दल, पण सांगतो. क्लासमध्ये एक फील्ड वाढवलं आणि डेटाबेसचा व्हर्जन नंबर वाढवला नाही तर डेटाबेस उघडतानाच ॲप क्रॅश होतं, आणि ते बरोबरच आहे असं माझं मत. शोधाशोध केली की फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन हा उपाय लगेच सापडतो, पण तो मायग्रेशन नसेल तर टेबलं पुसून नव्याने बनवतो, दुसऱ्याच्या धंद्याचा हिशोब असलेल्या ॲपमध्ये कृपा करून लावू नका. २.४ पासून ऑटो मायग्रेशन आहे, स्कीमा एक्स्पोर्ट (टेबलांची रचना फाईलमध्ये लिहून ठेवणं) चालू ठेवली की साधे बदल ती स्वतः सांभाळते, कॉलमचं नाव बदलायचं असेल तर तेवढं आपण सांगायचं.

मराठी नावांची यादी लावणार असाल तर एक गोष्ट बघून ठेवा, एसक्यूलाईटचा मूळचा क्रम बाईटप्रमाणे लागतो आणि युनिकोडमध्ये ळ हा व च्या आधी आहे, म्हणून कळंबे आधी आणि कवठेकर नंतर येतात, आपल्या वर्णमालेत ळ तर ह च्याही पुढे. कॉलमला लोकलाईज्ड कोलेशन (क्रम लावायचा नियम) देता येतं, ते फोनच्या भाषेप्रमाणे क्रम लावतं.

आणि बॅकअप. रूम बहुतेक फोनवर वॉल (राईट-अहेड लॉग) मोडमध्ये चालते, ताज्या नोंदी काही वेळ बाजूच्या डॅश-वॉल फाईलमध्ये असतात, नुसती मुख्य फाईल कॉपी केली तर शेवटच्या ऑर्डरी राहून जाऊ शकतात. काका रोज रात्री दुकान बंद करताना फाईल मुलीला पाठवतात, म्हणून त्या बटणामागे आधी डेटाबेस बंद होतो आणि मगच कॉपी होते.