देवबागच्या 'समुद्र दिसणाऱ्या' दोन खोल्या आणि माझे २३,६०० रुपये

दोन एसी खोल्या, तीन रात्री, देवबाग, खिडकीतून समुद्र. सगळे मिळून १८,६००, असं होमस्टेचा 'मॅनेजर' फोनवर म्हणाला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणकडे काय भाव चालतात हे ठाऊक असलेल्या माणसाने तिथेच फोन ठेवला असता. मी नाही ठेवला. आधी ९,३०० ॲडव्हान्स गेले, मग ५,००० 'परत मिळणारं' डिपॉझिट, मग 'एंट्री चुकीची पडली सर, तेवढीच रक्कम पुन्हा टाका, दोन्ही एकदम रिफंड होतील' म्हणून आणखी ९,३००. हो, तिसऱ्यांदाही पिन मीच दाबला. हसा. पैसे परत यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः आईला शिकवलेलं आहे.

पण जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीने. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी विचारलं होतं, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला किती चालावं लागेल? तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका सर, आपल्या इथून पाच मिनिटं. गाडी किल्ल्याच्या दारात लागते."

किल्ल्याच्या दारात. गाडी! महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर, भर समुद्रात जो किल्ला बांधायला घेतला, त्याच्या दारात. मालवणच्या जेट्टीवरून होडीने जातात तिथे. आणि देवबाग त्या जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर दक्षिणेला, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी काय म्हणालो? "वा, बरं झालं!" समोर ऑडिटवाले बसलेले, बायकोचे चार मिस्ड कॉल, आणि हा दर दोन मिनिटांनी 'दुसरी पार्टी लाइनवर आहे' म्हणतोय. डोकं कुठे चालणार?

बोलण्यात मालवणी हेल नव्हता. वाटलं, मॅनेजर बाहेरचा असेल. क्यूआर स्कॅन केल्यावर होमस्टेचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं. तुम्ही ते नाव वाचा आणि थांबा. मी वाचलं आणि पुढे गेलो.

फोंडा घाट उतरून अंधार पडताना पोचलो, तर नकाशावरच्या ठिकाणी माडांची बाग आणि सुकत घातलेली जाळी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ह्या म्हयन्यात तुमी तिसरे." रात्री मालवणात ३,५०० ची एक खोली मिळाली, सहा माणसांत. सकाळी होडीत चढताना सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "काय जावईबापू, गाडी दारात लागणार होती ना?"

मग पोलीस. एका ठाण्यात म्हणाले, पैसे तुमच्या गावाहून पाठवलेत, तक्रार तिकडे. घराजवळच्या ठाण्यात म्हणाले, घर कोकणातलं, तक्रार तिकडे. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो तक्रार कुठल्याही ठाण्यात घेता येते, असं म्हटल्यावर साहेब जेवायला गेले. दोन तास जेवले. परत आल्यावर, "शिकलेले दिसता, मग असं कसं?" बँकेत, "पिन तुम्हीच टाकलात ना?" अरे, नंबर आहे, खातं आहे, खातेदाराचं नाव आहे, अजून काय आणून देऊ? त्याची जन्मपत्रिका?

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरला, मी पाच दिवसांनी फोन केला, तोवर पैसे पुढे सरकलेले. तुम्ही पहिल्या तासात करा. आणि ॲडव्हान्सआधी व्हिडिओ कॉल लावून दारातून समुद्रापर्यंत चालून दाखवायला सांगा; खरा मालक दाखवेल, चहाही विचारेल.

माझी तक्रार 'प्रक्रियेत' आहे. काल बायकोच्या फोनवरून तो नंबर लावून पाहिला. लगेच उचलला. "बोला मॅडम, किती खोल्या हव्यात?"